ताण आणि बहार

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला, की पुण्यातल्या मुरलेल्या बागवाल्यांच्या घरी एक निर्दय काम सुरू होतं. मोगऱ्याचं पाणी तोडतात. वर्षभर ज्या कुंडीत न चुकता झारी रिकामी झाली, तिच्याकडे आठ-पंधरा दिवस कुणी फिरकत नाही. पानं मलूल होतात, कडेनं पिवळी पडतात. मग एका सकाळी सिकेटर घेऊन झाड गुडघ्याच्या खाली छाटायचं, उरलेली पानं हातानं ओरबाडायची, वरची तीन-चार बोटं माती खुरप्यानं उकरायची आणि मुळांना चार दिवस ऊन दाखवायचं. कुंडीत उभा राहिलेला तो खराटा पाहून शेजारीण हळहळते, ‘गेला वाटतं तुमचा मोगरा!’

मोगरा गेलेला नसतो. फेब्रुवारीत कुजलेलं शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू केलं, की काडीच्या पेरापेराशी हिरवे ठिपके उमटतात. त्यांची फूट होते आणि त्या नव्या फुटीच्या टोकाला कळ्यांचे झुबके लागतात. मोगरा जुन्या लाकडावर फुलत नाही, त्याला कोवळी फूट लागते. एवढं एक कळलं, की छाटणीचं क्रौर्य आपोआप क्षम्य ठरतं. गुढीपाडव्याच्या आसपास पहिली ओंजळ मिळते आणि तिथून मृगाच्या पावसापर्यंत घरातल्या माठात, उशाशी, केसांत, देवापुढे मोगराच मोगरा.

ज्या घरात हे धाडस होत नाही, तिथला मोगरा ओळखू येतो. हिरवागार, गुबगुबीत, ग्रिलवर चढून बसलेला आणि फुलं मोजून चार. अशी तक्रार घेऊन नर्सरीत गेलं, की माळीदादांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘‘काकू, तुम्ही लाड फार करता. जानेवारीत पाणी तोडा त्याचं.’’

माळीदादांचा हा सल्ला मराठी शेतीत नवा नाही. विदर्भातला संत्र्याचा बागाईतदार आणि सांगोल्याचा डाळिंबवाला हेच करत आले आहेत. त्यांच्या भाषेत याला ‘ताण देणं’ म्हणतात आणि त्यातून जे मिळतं, तो ‘बहार’. बहार येतो असं शेतकरी क्वचितच म्हणतो. तो बहार ‘धरतो’. महिना-दीड महिना पाणी तोडून झाडाची पानगळ करायची आणि मग खत-पाणी देऊन फुटवा घ्यायचा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलला तर आंबे बहार, जून-जुलैत फुलला तर मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहार. पाण्याची सोय आणि बाजारभाव पाहून कोणता धरायचा ते ठरतं. यामागचं गणित साधं आहे. पाणी आणि नत्र मुबलक असताना झाड पानं वाढवण्यात रमतं. ओढ लागली, की वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न काड्यांमध्ये साठतं आणि पाणी मिळताच ती शिदोरी फुलांवर खर्च होते.

घरच्या बागेला मात्र आपण हे गणित लावत नाही. कुंडी म्हणजे रोज पाणी, ही समजूत घट्ट आहे. शहरातल्या गच्च्यांवर झाडं पाण्यावाचून जितकी मरतात, तितकीच पाण्यानं मरत असावीत, आणि जी मरत नाहीत ती फुलत नाहीत.

बोगनवेल हे याचं सर्वात झगझगीत उदाहरण. द्रुतगती महामार्गाच्या दुभाजकावर, टँकरच्या पाण्याचीही शाश्वती नसलेल्या जागी ती एप्रिल-मेमध्ये पेटल्यासारखी दिसते आणि बंगल्याच्या फाटकावर रोज पाइपनं न्हाऊनही नुसती काट्यांचं जाळं विणत बसते. बोगनवेलीचा जो रंग दिसतो, तो फुलांचा नसतोच. कागदासारखी ती गुलाबी, राणी, केशरी पाती म्हणजे रंगीत झालेली पानं. फूल असतं ते मधोमध, तीन पात्यांच्या आत तीन बारीक नळ्या, टोकाशी पांढरट चांदणी. कुंडीतल्या बोगनवेलीची माती अगदी कोरडी पडू द्यायची, पानं माना टाकायला लागली की मग पाणी द्यायचं. असे दोन-तीन फेरे झाले, की बोगनवेल रंगावर येते.

तिच्या नावाची गोष्टही रंगतदार आहे. लुई आंत्वान द बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीची जगप्रदक्षिणा १७६६ ते १७६९ अशी चालली. त्याच्या ताफ्यात फिलिबेर कॉमर्सां नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल सापडली आणि तिला कप्तानाचं नाव मिळालं. कॉमर्सांच्या हाताखाली झाडपाला गोळा करणारा, ओझी वाहणारा जो पोरगेला नोकर होता, तो प्रत्यक्षात पुरुषवेशातली झान बारे ही बाई होती. जगाला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. वेलीवर मात्र कप्तानाचंच नाव राहिलं.

पाण्याचा हिशेब जमला, तरी उन्हाचा उरतोच. फुलझाडांना रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं, असं नर्सरीवाला सांगतो. सदनिकेतल्या माणसाच्या हातात जी बाल्कनी येते, ती बिल्डरनं ज्या दिशेला काढली त्या दिशेची. दक्षिणेची मिळाली तर नशीब आणि उत्तरेची मिळाली तर फक्त मनी प्लँट, असा सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुणे-मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला अठरा-एकोणीस अंशांवर आहेत. इथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीला, सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस म्हणून शाळेची मुलं ते काठी रोवून साजरे करतात. या दोन दिवसांमधले अडीच महिने सूर्य भर दुपारी आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला मे-जूनमध्ये ऊन मिळतं आणि हिवाळ्यात ती काळोखी राहते; दक्षिणेच्या बाल्कनीचं नेमकं उलटं. उत्तरेकडे शेवंती-गुलाबाचा हट्ट धरून पस्तावणाऱ्यांनी पावसाळी फुलांकडे वळावं. मृग बहार त्यांचा आहे.

या मृग बहाराची वर्दी देणारं फूल वर्षभर कुंडीत असून नसल्यासारखं असतं. मे महिन्यात एखाद्या वळवाच्या सरीनंतर, रिकामी समजून कोपऱ्यात सारलेल्या कुंडीतून जाड हिरवा दांडा वर येतो आणि आठवडाभरात त्याच्या टोकावर तांबड्या केसरांचा, क्रिकेटच्या चेंडूहून मोठा गोळा फुलतो. फुटबॉल लिली. मूळची आफ्रिकेतली, पण आता मराठी अंगणात पिढ्यान् पिढ्या मुरलेली. फूल फार तर पंधरवडाभर टिकतं, मग पावसाळाभर रुंद पानं आणि हिवाळ्यात तीही नाहीत. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत ‘ही कुंडी मोकळीच आहे’ म्हणून ज्यांचे कांदे कचऱ्यात गेले, त्यांची संख्या कमी नसावी. शहाणी माणसं त्या कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचून ठेवतात.

तिची धाकटी बहीण म्हणावी अशी रेन लिली पहिल्या पावसाची खरी साक्षीदार. नळाचं पाणी कितीही घाला, ती ढिम्म. आभाळातून एक दमदार सर पडली, की चार दिवसांत वाफ्याच्या कडेनं गुलाबी-पांढऱ्या चषकांची रांग उभी.

आणि मग अनंत. पावसाच्या तोंडाशी फुलणारं, लोण्याच्या गोळ्यासारखं फूल. दुसऱ्या दिवशी ते पिवळसर पडतं, पण वास सोडत नाही. कोकणातल्या परसात अनंताला कुणी फार विचारत नाही, तो आपला वाढतो आणि फुलतो. तोच अनंत हौसेनं पुण्याला, नगरला, औरंगाबादकडे नेला, की वर्षभरात पिवळा पडतो. नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. लोक कीड समजून औषध मारतात, खत कमी पडलं समजून खत ओततात.

दोष जमिनीचा असतो. कोकण-गोव्यात जांभ्या दगडाची, धो धो पावसानं धुऊन निघालेली आम्लधर्मी माती आहे. घाटावर बेसाल्टची काळी, चुनखडीची, अल्कधर्मी. वर बोअरवेलचं पाणी जड. अशा मातीत लोह भरपूर असतं, पण ते मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकून पडतं. ताट वाढलेलं, हात बांधलेले. इक्झोऱ्याचंही हेच दुखणं. कोकणात त्याला पेंटगूळ किंवा बकोरा म्हणतात. सिंधुदुर्ग-गोव्यात तो कुंपणाला लाल झुबक्यांनी लगडलेला दिसतो आणि घाटावर त्याच जातीचं झाड कळाहीन. उपाय जुनाच आहे. कुंडीत काळी माती न वापरता लाल माती, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि कोकोपीट घ्यायचं, पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवून ते घालायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यायचा. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडी फारच असेल तर तोही अडकतो, तेव्हा दुकानातून चिलेटेड लोह आणावं लागतं. इतकं करण्यापेक्षा घाटावरच्या माणसानं कण्हेर, तगर, जास्वंद लावून सुखी व्हावं, हा सल्ला व्यवहारी आहे. पण अनंताचा वास एकदा घेतलेला माणूस तो ऐकत नाही.

मातीचा विषय निघालाच आहे, तर गच्चीवाल्यांचं वजनाचं दुखणंही सांगायला हवं. ओली माती भयंकर जड असते आणि स्लॅब ती किती पेलेल याचा विचार गळती सुरू झाल्यावर होतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांचा प्रयोग परिवार आणि मुंबईचे डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरी शेतीत यावर वाट दाखवली. उसाची चिपाडं, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांच्यावरच झाडं वाढवायची आणि माती नावापुरती ठेवायची. त्यांचा भर भाजी-फळांवर होता, पण जास्वंद आणि मोगराही या हलक्या कुंडीत तक्रार करत नाहीत. रसवंतीवाल्याशी ओळख मात्र हवी.

पावसाळ्यातल्या फुलांत सगळ्यात जास्त कथा चिकटल्या आहेत त्या कृष्णकमळाला. मराठी घरात आजी नातवाला फूल हातात घेऊन दाखवते: या कडेच्या जांभळ्या झालरीतले शंभर तंतू म्हणजे कौरव, आतले पाच म्हणजे पांडव, त्यावरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. तिकडे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी त्याच फुलात क्रूसावरचा ख्रिस्त पाहिला. झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा आणि तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. म्हणूनच इंग्रजीत त्याला पॅशन फ्लॉवर म्हणतात. पॅशन म्हणजे इथे ख्रिस्ताच्या यातना. फूल तेच, पाच आणि तीन हे आकडेही तेच. इकडे आल्यावर त्याला महाभारत मिळालं.

या वेलीवर अनेकदा काटेरी, काळपट-तांबूस सुरवंट दिसतात आणि बाल्कनीत किंकाळी फुटते. ते टॉनी कोस्टर या केशरी फुलपाखराचे असतात; त्याची अळी कृष्णकमळाच्या कुळातली पानं खाऊन वाढते. पंधरा दिवस पानांची चाळण सहन केली तर फुलपाखरं मिळतात. फवारणी केली तर नुसती पानं.

श्रावणात सोनटक्का येतो. आल्या-हळदीच्या कुळातला, ओलीच्या जागी, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारा. त्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पांढऱ्या फुलपाखरासारखी दिसतात. आपल्या हिमालयाच्या बाजूचं हे फूल आज क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. स्पेनविरुद्धच्या लढ्यात तिथल्या बायका केसांत माळलेल्या या फुलांमध्ये गुप्त चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिथे सांगतात. सोनटक्क्याची वेणी माळणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या मावश्यांना हे सांगितलं तर त्या हसतील.

तेरड्याला कुणी मुद्दाम लावत नाही, तो उगवतो. कोकणात गौरी त्याच्याच असतात; मुळासकट उपटलेली रोपं, वाजतगाजत घरात आणलेली. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण फुलापेक्षा माणसांसाठी जास्त वापरली जाते. शेंग पिकली की बोट लागताच फुटते, कडा आत वळतात आणि बिया उडतात. लहान मुलांना यापेक्षा स्वस्त खेळणं नाही. अबोलीची गंमत याच्या उलट आहे. तिची वाळलेली बोंडं कोरडी असताना गप्प असतात आणि पाण्याचा थेंब पडला की तडकतात. अबोलीला झारीनं पाणी घालताना येणारा बारीक टकटक आवाज त्याचा. बी पेरायची वेळ झाली, हे तिला पाऊस सांगतो.

संध्याकाळी साडेचार-पाचला, ऊन कलल्यावर, गुलबक्षी उघडते. चाळींच्या दारातल्या डालड्याच्या डब्यात वाढलेलं हे फूल जगातल्या प्रयोगशाळांना माहीत आहे. मेंडेलच्या विस्मृतीत गेलेल्या कामाचा पुन्हा शोध लावणाऱ्यांपैकी एक, जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स, यानं याच झाडावर प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर गुलाबी फुलं येतात, म्हणजे दोन गुणांपैकी एक नेहमीच दुसऱ्याला दडपतो असं नाही. १९०९ साली त्यानं आणखी एक गोष्ट मांडली. चितकबऱ्या पानांच्या गुलबक्षीत पुढच्या पिढीच्या पानांचा रंग फक्त आईकडून ठरतो, परागकण कुणाचेही असोत. पेशीच्या केंद्रकाबाहेरूनही वारसा चालतो, याचा हा पहिल्या काही पुराव्यांपैकी एक. मिरीच्या दाण्यांसारख्या काळ्या बियांमध्ये हे सगळं दडलेलं आहे आणि आपण त्या खिशात भरून शेजारच्या वाड्यात पेरत होतो.

पावसाळ्यातली एक रात्र मात्र फुलासाठीच जागवली जाते. दुपारीच निरोप जातात, ‘आज आमचं ब्रह्मकमळ उमलणार’. कळीचा वाकडा देठ बगळ्याच्या मानेसारखा वर उचलला गेला, की त्या रात्री फूल उघडणार हे ठरलेलं. आठ-साडेआठला टोक सुटतं. दहापर्यंत बाहेरची तांबूस पाती मागे झुकतात आणि आतला पांढरा पसारा हळूहळू मोकळा होतो. हात जवळ नेला तर त्याची हालचाल जाणवावी इतकी. अकराला वास जिन्यापर्यंत पोचतो. हळदकुंकू लागतं, कुणी उदबत्ती लावतं, चहा होतो, फोटो निघतात. पहाटेपर्यंत फूल मान टाकून लोंबकळत असतं.

हे हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे. उत्तराखंडाचं राज्यपुष्प असलेलं खरं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे आणि ते बर्फाळ उंचीवर वाढतं. पुण्याच्या उन्हात ते एक आठवडा टिकणार नाही. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो, ते मेक्सिकोकडचं निवडुंग. ज्याला पान म्हणून कुंडीत खोचतो, ते पान नसून चपटं झालेलं खोड. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी निघते. हे दरवर्षी कुणीतरी सांगतं आणि कुणीही ऐकत नाही. ऐकू नये, असंच वाटतं. झाड विकत घेण्याची पद्धतही यात फारशी नाही. एकाच्या घरून एक ‘पान’ दुसऱ्याच्या घरी जातं, तिथून तिसऱ्या. एका सोसायटीतली सगळी ब्रह्मकमळं एकाच आजींच्या कुंडीतून निघालेली असणं सहज शक्य आहे. बऱ्याचदा ती एकाच रात्री फुलतात, तेही म्हणूनच.

ऑगस्टपासून पहाटे पारिजातकाचा सडा पडू लागतो. सत्यभामेच्या अंगणात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात फुलं, हा खटला गृहनिर्माण संस्थांच्या काळात अधिकच ताजा झाला आहे. फक्त आता तक्रार उलटी येते: तुमच्या झाडाचा कचरा आमच्या पार्किंगमध्ये पडतो.

हस्त नक्षत्राचा पाऊस ओसरला, की बागेतलं खरं वर्ष सुरू होतं. नर्सऱ्यांच्या धंद्याचंही. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही बाजूंना नर्सऱ्यांची रांग आहे. ऑक्टोबरात तिथे टेम्पो भरताना दिसतात. दसरा झाला की गुलाबाची छाटणी. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी काडी ठेवायची, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप द्यायचा, कापावर बुरशीनाशकाची पेस्ट लावायची. छाटणीपासून साधारण पंचेचाळीस दिवसांनी फूल. म्हणजे दसऱ्याला कात्री लागली, तर मार्गशीर्षाच्या सुमारास पहिला बहर. छाटताना एक चूक नेहमीची: डोळा भरलेल्या जागेच्या खालून जंगली फूट जोमानं निघते, ती तरारलेली पाहून माणूस हरखतो आणि राखतो. दोन वर्षांत वरचा कलमी गुलाब मरून जातो आणि कुंडीत खुंट उरतो. ‘आमच्या लाल गुलाबाला पांढरी बारीक फुलं यायला लागली’ या चमत्काराचं रहस्य एवढंच.

डिसेंबरात पिटुनिया, पॅन्झी, फ्लॉक्स, डायँथस यांच्या पिशव्या कळ्यांसकट विकायला येतात. झाड फुलावर असतानाच हातात येतं, घरी आणून ठेवलं की काम झालं. मार्चच्या उन्हात सगळं संपतं आणि कुंड्या रिकाम्या होतात. हे फुलांचं भाड्यानं घेतलेलं घर आहे. त्यात वाईट काही नाही. हिवाळ्यातल्या दोन महिन्यांच्या रंगासाठी तेवढे पैसे रास्तच. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं, ते या हंगामी फुलांची भर तेव्हाच असते म्हणून. १८३० साली स्थापन झालेली अॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ती बाग सांभाळते. प्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या हातात एक तरी पिशवी असते आणि ती कुठे ठेवायची याचा विचार त्यानं केलेला नसतो.

बाहेरून आणलेलं सगळंच मार्चमध्ये मरत नाही, ही दुसरी बाजू. घाणेरी एकेकाळी शोभेचं झुडूप होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, कुंपणासाठी लोकांनी हौसेनं लावली आणि पाखरांनी तिची काळी फळं खाऊन देशभर पेरली. आज सह्याद्रीत आणि मध्य भारतातल्या जंगलांत तिच्या जाळ्या आहेत. फूल देखणं आहे, हे मान्यच करायला हवं. ताजं फूल पिवळं, परागीभवन झालं की गुलाबी. एकाच गुच्छात दोन्ही रंग असल्यानं फुलपाखराला मध कुठे आहे ते लांबूनच कळतं. पुण्याच्या टेकड्यांवर आता पिवळ्या-केशरी कॉसमॉसची पाळी आहे. पावसाळ्यानंतर उतारच्या उतार फुलतात, जोडपी फोटो काढायला येतात आणि त्या रानात पूर्वी जी गवतं आणि तेरडे होते, त्यांना जागा उरत नाही. कॉसमॉस मेक्सिकोतून आला. झेंडूही मेक्सिकोचाच, निशिगंधही. झेंडू मात्र दसऱ्याच्या तोरणात बसला आणि माणसाच्या हाताबाहेर गेला नाही.

त्यामानानं आपल्याच डोंगरातली झुडपं बागेत येत नाहीत. धायटी जानेवारीपासून लाल नळ्यांनी लगडते, शिंजीर पक्षी तिच्यावर दिवसभर लटकलेले असतात आणि आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला तिचीच फुलं लागतात. भुतकेसाच्या केशरी चांदणीशेजारी एकच पांढरं पान फडकत असतं. नर्सरीत मागायला गेलं, तर भुतकेसाऐवजी त्याची फिलिपिनी भावंडं मिळतात, पांढऱ्या-गुलाबी पात्यांनी गच्च भरलेला मुसेंडा. त्यातल्या पांढऱ्या जातीला तिकडच्या एका राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीचं, दोन्या औरोराचं नाव आहे. भुतकेसाला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. भुताचंच चाललं आहे.

उरली शेवंती, आणि तिच्यासोबत पॉइनसेटिया. या दोघींना पाण्याचा ताण नको असतो, अंधाराचा हवा असतो. गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलं, की काही झाडं दिवसाच्या लांबीवर फुलायचं ठरवतात. पुढे कळलं, की मोजली जाते ती खरं तर रात्र. पुण्यात जूनमधला सर्वात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरातला सर्वात लहान अकराचा. रात्री लांबायला लागल्या, की शेवंती कळ्या धरते आणि पॉइनसेटियाची वरची पानं लाल व्हायला लागतात. मधेच दिवा लागला, तर झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र राहत नाही, दोन छोट्या होतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली आलेली शेवंतीची कुंडी म्हणूनच मागे पडते आणि त्याच वाफ्यातली भिंतीआडची आधी फुलते.

आणि नेमक्या याच दिवसांत बाल्कनीत आकाशकंदील लागतो. आश्विनात चढलेला कंदील अनेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत, काही घरांत त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरत नाही. संध्याकाळी साडेसहाला बटण दाबायचं आणि झोपताना विसरायचं. त्याच्या बरोबर खाली, उजेड छान पडतो म्हणून, नर्सरीतून आणलेली पॉइनसेटिया ठेवलेली असते आणि नाताळ आला तरी ती हिरवीच राहते. हे उमगलेल्या एका घरात दिवाळीभर नवा नेम असतो. सकाळी कुंडी उन्हात. संध्याकाळी दिवे लावायच्या आधी घरातलं धाकटं कुणीतरी ती दोन्ही हातांनी उचलून न्हाणीघरात, बादलीशेजारी नेऊन ठेवतं, वर रिकामं फटाक्यांचं खोकं पालथं घालतं आणि बाहेरून बजावतं: ‘‘आत दिवा लावू नका कुणी!’’